डोक्यावरची पाच अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे; पण मला पाहून तसं कुणी म्हणत नाही. मला फुगीर पोट नाही. दीड हात लांबीची जाड फळी, तिच्यावर सहा तारा आणि कडेला वीज जोडायचं एक भोक, एवढाच माझा संसार. मला मांडीवर आडवी निजवतात आणि तारांवरून लोखंडी रूळ सरकवून वाजवतात. वीज नसली तर माझा आवाज डासाएवढा. अकोल्यात मला सगळे ‘देवमनची फळी’ म्हणत, आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

माझा जन्म जपानात झाला, मोठ्या लढाईनंतरच्या वर्षांत. कारखाना कसला, पत्र्याची एक शेड होती. असे कारखाने तेव्हा कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत आणि तसेच नाहीसे होत. कारागिराने सगळ्यात शेवटी माझ्या डोक्यावर एक पितळी पट्टी ठोकली. तिच्यावर पाच अक्षरं कोरलेली होती, त्या शेडचं नाव. माझा जन्मदाखला म्हणाल तर तेवढाच.

कुण्या खलाशाबरोबर मी मुंबईला उतरले आणि जुन्या बाजारात भंगारात पडले. तिथे १९५७ साली देवमनने मला घेतलं. तो अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी रेडिओ दुरुस्त करायचा. खरं सांगायचं तर तो मला फोडणार होता. माझ्या पोटातलं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं त्याला हवं होतं. पण फोडण्याआधी वस्तू एकदा जोडून पाहायची, ही त्याच्या हाताची सवय. त्याने माझी वायर एका रेडिओच्या मागे, तबकडीची सुई जोडतात तिथे खोचली आणि तार छेडली. रेडिओतून असा काही सूर निघाला की त्याची बायको मनकर्णा चूल सोडून बाहेर आली. मी वाचले.

पुढची पाच वर्षं सुखाची गेली. कापसाच्या जिनातल्या मोडक्या यंत्राचा एक रूळ देवमनने घासून गुळगुळीत केला. धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्याच्या वस्तीत जयंतीला गायन पार्टी बसायची. तिच्यात टेबलावर रेडिओ, देवमनच्या मांडीवर मी, आणि समोर तोंडात बोट घातलेली माणसं. मनकर्णा दर पंधरा दिवसांनी माझी पट्टी चिंचेने घासून लख्ख करी. अक्षरं काय सांगतात, असं ती विचारी. बाजारवाल्याने जपानी माल म्हणून दिली, त्यापलीकडे देवमनलाही ठाऊक नव्हतं.

मग १९६२ ची दिवाळी आली. सरहद्दीवर चीनशी लढाई पेटली होती आणि बातम्या ऐकायला सारी गल्ली देवमनच्या दुकानात लोटायची. समोरचे उत्तमराव सगळ्यांत पुढे बसत. त्यांचा मुलगा फौजेत होता आणि महिना झाला तरी पत्र नव्हतं. एका सकाळी देवमन कामाला मूर्तिजापूरला गेला असताना त्यांची नजर माझ्या पट्टीवर गेली. ते उठून जवळ आले आणि बराच वेळ पाहत राहिले.

“हे चिनी अक्षरं हायेत,” ते म्हणाले.

दुपारपर्यंत गल्लीत बोभाटा झाला की देवमन या फळीची वायर रेडिओला लावून चिन्यांना बातम्या देतो. रेडिओ बातमी फक्त घेतो, धाडत नाही, हे मनकर्णाने चार जणांना सांगून पाहिलं. कुणी ऐकेना. तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बडनेऱ्याला तिचा पुंजाजी मामा होता, माजी सैनिक. त्याच्या शब्दाला वजन होतं. गाडीने जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईबरोबर तिने त्याला निरोप धाडला.

एवढं करून ती थांबली असती तर! पण तिने दार लावलं, देवमनची कानस घेतली आणि माझं डोकं पायाखाली धरलं. ती रडत होती आणि खरडत होती. ज्या हातांनी मला चिंच लावली त्याच हातांनी अक्षरं गेली. मला तिचा राग आला नाही. नवरा वाचवायचा होता तिला.

संध्याकाळी देवमन परतला आणि त्याच्या पाठोपाठ पोलीस. पट्टीवरचे ताजे ओरखडे पाहून त्यांची खात्रीच झाली. त्यांनी देवमनला नेलं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा मामाला घेऊन ठाण्यात आली. मी साहेबांच्या टेबलावर होते. मामाने मला उलटंसुलटं केलं. त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते तेव्हा सांगितलं.

“साहेब, मी साडेतीन वर्ष जपान्यायच्या कैदेत होतो. पोत्यावर, खोक्यावर, आमच्या बिल्ल्यावर, जिकडं पाहा तिकडं त्याह्यचीच अक्षरं. वाचता येत नाही मले, पण पाह्यल्याबरोबर ओळखतो. आता इथं काय ओळखू?”

साहेब वाईट नव्हते. अक्षरं असती तर कुण्या जाणकाराकडे धाडली असती, असं ते म्हणाले. पण काही लपवायचं नसेल तर खरडलं कशाला, आणि कोणी? मनकर्णाने तोंड उघडलं, पण कोपऱ्यात बसलेला देवमन तिच्याआधी बोलला.

“म्या खरडलं साहेब. तिले काही मालूम नाही.”

त्याला अमरावतीच्या तुरुंगात नेलं. चार महिन्यांनी सोडलं आणि मलाही परत दिलं, तेव्हा त्याच्याबरोबर खोकला आला होता. दुकानात कुणी रेडिओ आणेना. मला त्याने एकदाही मांडीवर घेतलं नाही, आणि खरडल्याबद्दल मनकर्णाला एका शब्दाने बोलला नाही. ती वाट पाहत होती, त्याने एकदा तरी रागवावं म्हणून. चौसष्टच्या पावसाळ्यात तो गेला.

पुढे अडुसष्ट साली अमरावतीच्या ऑर्केस्ट्रातला भगवंत विकत घ्यावी म्हणून मला पाहायला आला. माझं लाकूड, खुंट्या, चुंबक सगळं पाहून त्याने कंपनी विचारली. मनकर्णा म्हणाली, “पाच अक्षरं होती. एक घरावानी दिसे. बाकीची चार मले आता आठवत नाहीत.” नाव कळेना म्हटल्यावर तो मला न घेताच निघून गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू नेहमी सांगतात की आम्हाला जपा. मला तर फार जपलं होतं. माझी विनवणी निराळी आहे. जे वाचता येत नाही ते खरडू नका. आणि कुणी नुसती अक्षरं पाहून माणूस वाईट ठरवू लागला, तर त्याला आधी विचारा, बाबा, तुला ती वाचता येतात का? उत्तमरावांना चिनी येत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही.