हिरव्या दोऱ्याची बॅटरी

माझे वडील, नाना, गेले तेव्हा त्यांच्या दुकानात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लोकांच्या एकतीस बॅटऱ्या होत्या.

अक्कलकुव्यात एसटी स्टँडच्या मागे आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, एक शटर आणि वर पत्रा. नाना आधी टॉर्च आणि रेडिओ दुरुस्त करत. मग डोंगरात मोबाइल आले. मोबाइल आले, पण कितीतरी पाड्यांवर वीज असून नसल्यासारखी. बॅटरी निघते असे जुने फोन तिकडे अजून वापरात आहेत. बाजाराला येणारा माणूस फोन घरीच ठेवतो आणि दोन बॅटऱ्यांपैकी रिकामी झालेली खिशात टाकून आणतो. नानांकडे देतो, पुढच्या बाजाराला घेऊन जातो. नाना चिमट्याच्या चार्जरमध्ये ती लावायचे. कोणाची कुठली हे कळावं म्हणून प्रत्येक बॅटरीला रंगीत दोरा गुंडाळायचे. चिठ्ठ्या नाहीत. माणूस समोर आला की त्यांचा हात बरोबर त्या दोऱ्यावर पडायचा.

फेब्रुवारीत पाच दिवस ताप आला आणि नाना गेले. मी धुळ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवसकार्य झाल्यावर परत जायचं होतं. पण तो डबा मी उघडला आणि रजा वाढवून घेतली. लोकांनी विश्वासाने ठेवलेली वस्तू परत केल्याशिवाय शटर ओढायचं नाही, एवढं एकच मला तेव्हा नीट कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

मी बाजाराच्या दिवशी दुकान उघडून बसू लागले. लोक येत, शटरसमोर थांबत, नानांच्या जागी मला बघत. मग आपला दोरा ओळखून बॅटरी घेऊन जात. मार्चअखेरपर्यंत बावीस गेल्या. नऊ उरल्या. त्यांचे मालक ऊसतोडीला गुजरातेत गेलेले होते. ते पावसाच्या आधी येतील, असं सगळे सांगत.

त्या नऊ मी जपल्या. दर तिसऱ्या दिवशी एकेक करून चार्जरला लावायची, हिरवा दिवा लागला तरी तासभर तशीच ठेवायची आणि पुन्हा डब्यात घालायची. आई म्हणायची, "भरेल ऱ्हाऊ दे वं पोरी. अचानक कोणी उना आनि रिकामी निघनी, ते काय तोंड दखाडशी? तुन्हा नाना काय सांगेत? भरीसन देवानी."

नाना तसं म्हणायचे, हे मलाही आठवत होतं. गिऱ्हाइकाला वस्तू भरून द्यायची. लहानपणापासून मी ते ऐकलेलं. दुपारी पत्रा तापून दुकानात बसवत नसे, तरी मी चार्जरवरचे दिवे बघत बसे. दुसरं काही करायला नव्हतं. बरोबर आणलेली पुस्तकं उघडत होते आणि मिटत होते. बॅटरी मात्र लावली की भरत होती. दिवसाला एक तरी गोष्ट पूर्ण होत होती.

मेच्या शेवटी एका मंगळवारी सकाळी वीरसिंगभाऊ आले. बाजाराचा दिवस नव्हता. पन्नाशी ओलांडलेला, बारीक, उन्हाने रापलेला माणूस. धुतलेला पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. शटरपाशी उभे राहून त्यांनी आधी दुकानाच्या आत नानांच्या जागेकडे पाहिलं.

शेजारच्या फळीवरून इद्रिसचाचा ओरडले. ते पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता मोबाइल करतात. "काय रे वीरसिंग, ऊस तोडाले गयथा का ऊस पेराले? चार महिना!"

"मुकादम सोडत नाही चाचा. तुम्ही या ना एकदा, कोयता देतो तुम्हाला."

"मी उनू ते उसनं ते ऱ्हायनं, मन्हाच बोटं तुटतीन."

वीरसिंगभाऊ हसले, मग माझ्याकडे वळून हसू आवरलं. "बेन, मला रस्त्यातच कळलं. नानांचं." एवढंच बोलून थांबले. मग हळूच म्हणाले, "हिरवा दोरा."

मी डबा काढला. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून फोन काढून फळीवर ठेवला. काच तडकलेली, मागचं झाकण रबराने बांधलेलं. आज दुपारी एकला तळोद्याला त्यांच्या वनजमिनीच्या दाव्याची सुनावणी होती. जमीन बापापासून कसतात, पण कागद पाहिजे. कागद होता. अठ्ठ्याण्णव साली जंगलात नांगर घातला म्हणून वनखात्याने त्यांच्या बापाला दंड केला होता, त्याची पावती. तोच आता पुरावा, की तेव्हापासून तिथे तेच कसत होते. दोन वर्षांपूर्वी घर जळालं त्यात पावती गेली. पण त्याआधी कोणीतरी शहाणपणाने तिचा फोटो या फोनमध्ये काढून ठेवला होता. फोनला कार्ड नव्हतं.

"दुसरी बॅटरी गुजरातेत मेली, फेकून दिली," ते म्हणाले. "पण ही होती ना नानांकडे. म्हणून निवांत होतो."

मी हिरव्या दोऱ्याची बॅटरी हातात घेतली. ती मला जाड लागली. दोरा तिच्यात रुतला होता. दोन्ही बाजूंनी पोट आल्यासारखी फुगली होती. दर तिसऱ्या दिवशी मी ती हाताळत होते. थोडी थोडी फुगत गेली असणार. मी दिवा बघत होते, बॅटरी नाही.

वीरसिंगभाऊंनी ती फोनमध्ये घातली. ती बसेना. ते अंगठ्याने दाबू लागले तसे इद्रिसचाचा फळीवरून उडी मारूनच आले. "अरे दाबू नको! पेट लेई ती!" त्यांनी बॅटरी काढून घेतली, उन्हात धरून बघितली आणि मग डब्यातल्या बाकीच्या आठांवरून बोट फिरवलं. आणखी तीन फुगलेल्या होत्या.

"पोरी, ह्या कशा ठेयात तू?"

मी सांगितलं. दर तिसऱ्या दिवशी, पूर्ण भरून.

त्यांनी डबा उन्हातून सावलीत सरकवला. "तुन्हा नाना अशा नही ठेवेत. गिऱ्हाईक येवाना नही, अशी बॅटरी निम्म्यावर ठेवेत. घर लई जायेत, माठना बाजूले, गारव्याले. महिना-दीड महिनाले जराशी भरेत. पूर्ण भरेत ते बजारना दिन, सकायमा."

"मंग माले काबरं नही सांगं चाचा?"

"माले वाटनं, तू एवढी शिकेल, पुस्तकंसमा ऱ्हास. तुले मी काय शिकाडू?"

माठाच्या बाजूला काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं असायचं, हे मी पाहिलेलं होतं. ते काय आहे, हे नानांना कधी विचारलं नव्हतं.

आठांपैकी एकही बॅटरी त्या फोनला बसत नव्हती. चाचांनी आपल्या दुकानातल्या जुन्या सगळ्या काढल्या. एकही बसली नाही. या फोनची बॅटरी आता कंपनीच बनवत नाही, म्हणाले. मग त्यांनी टेबलावरच्या पॉवर सप्लायच्या दोन वायरी फोनच्या टोकांना लावल्या. पडदा उजळला. कंपनीचं नाव आलं. आम्ही तिघंही वाकलो. पडदा काळा झाला. पुन्हा नाव आलं, पुन्हा काळा. या फोनच्या बॅटरीच्या आत सर्किटची एक बारकी पट्टी असते, ती नसली की फोन ऐकत नाही, चाचा म्हणाले. फुगलेल्या बॅटरीची पट्टी काढून लावायचं बोलले आणि स्वतःच मान हलवली. भरलेल्या बॅटरीला चाकू लावायचा नाही. ती रिकामी करायलाच चार-पाच तास पाहिजेत.

"निम्मी ऱ्हाती ते..." असं काहीतरी ते पुटपुटले आणि माझ्याकडे बघून वायरी गोळा करू लागले.

वीरसिंगभाऊ फळीच्या कडेला बसून हे सगळं बघत होते. ते रागावतील याची मी वाट बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अकरा वाजले," ते म्हणाले. "जीप मिळेल का?"

मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. ते नको म्हणत होते. माझ्यामुळे झालंय, मी साहेबांना सांगते, असं मी म्हणाले. जीपमध्ये माझ्या शेजारी एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती. वीरसिंगभाऊ मागे दांडी धरून उभे होते. साहेबांसमोर काय बोलायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते. चांगली वाक्यं होती. एकही वाक्य त्या पावतीच्या जागी ठेवता येत नव्हतं.

तळोद्याच्या कचेरीत व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. वीरसिंगभाऊंनी पिशवी मांडीवर घेतली, तिच्यात फक्त बंद फोन होता.

नाव पुकारल्यावर आम्ही आत गेलो. साहेब तरुण होते, थकलेले. त्यांनी फाइल उघडली. मी सांगायला सुरुवात केली. बॅटरी, दुकान, नाना. फार लांबण लागतेय हे माझं मलाच कळत होतं. त्यांनी मला थांबवलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं.

"मॅडम, पावतीचा फोटो तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"नाही."

"कोणी पाहिलाय?"

"माझ्या वडिलांनी पाहिला असेल."

"ते येऊ शकतील?"

मी मान हलवली. त्यांना कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "फोन चालू झाला तर अपिलात दाखवा. पण ते वरच्या कचेरीत. माझ्याकडे ही शेवटची तारीख होती. आधीच्या दोनला हे आलेच नाहीत."

"ऊस," वीरसिंगभाऊ म्हणाले.

"हो, ठीक आहे," साहेब म्हणाले आणि लिहू लागले.

कारकुनाने कागद आमच्याकडे सरकवला. वीरसिंगभाऊंना चौथीपर्यंतचं मराठी येतं, पण कचेरीतलं अक्षर लागत नव्हतं. त्यांनी कागद माझ्यापुढे केला. "बेन, वाच."

मी वाचलं. दावेदार स्वतः हजर. दाव्यातील जमीन पूर्वीपासून कसत असल्याबाबत पुराव्यादाखल कोणताही कागद सादर केला नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही काही दाखवलं नाही, असं लिहिलंय."

त्यांनी कागद परत हातात घेतला. मागच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं होतं आणि तो दारात येऊन उभा राहिला होता.

"नाही दाखवलं, ते खरंय," ते म्हणाले. "सही कुठं करू?"

मी बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर थांबून थांबून काढलं. शेवटचा ग काढून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खाली तारीख टाकायची ना बेन? आज किती?"

मी तारीख सांगितली.