शेंदराखालचा कळंब

मी एक जुनी, बाकदार तलवार आहे. मित्रांनो, खुंटीवरच्या तलवारी फार बढाया मारतात, हे मला कबूल आहे. मी लढाया तशा बेताच्याच पाहिल्या. पण मी एका लग्नात नवरदेव होऊन उभी राहिले आहे, आणि हे भाग्य किल्ल्यावरच्या तोफेलाही लाभलेलं नाही.

माझं पातं समुद्रापलीकडे घडलं आणि गलबतातून कोकणच्या बंदरात उतरलं. परदेशी पोलादाला त्या काळी आपल्याकडे मोठा मान होता. एका मराठा शिलेदाराने ते घेतलं आणि दक्षिणेतल्या कारागिराकडून त्याला मूठ बसवून घेतली. मुठीवर सोन्याच्या तारेने कळंबाची, म्हणजे कदंबाची, फुलं उमटवली, कारण कळंब हे त्या घराण्याचं देवक. देवक म्हणजे कुळाची खूण. ते विचारल्याशिवाय मराठ्यांत सोयरीक ठरत नाही.

शिलेदाराचे वंशज फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि तिथल्या 'शिंदे की छावनी' या वस्तीत राहिले. लढाया सरल्या, मी खुंटीवर गेले. दर दसऱ्याला माझी पूजा होई. तेलात कालवलेला शेंदूर मुठीला फासायचा आणि तो कधी पुसायचा नाही, हा त्या घरचा नेम. देवीचा शेंदूर पुसणार कोण? थरावर थर चढले आणि माझी मूठ रस्त्याकडेच्या मारुतीसारखी दिसू लागली. माझे लाड खूप झाले, पण मी कोण, तेच घर विसरून गेलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. त्या घरचा मुलगा संभाजीराव ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. ग्वाल्हेरातल्याच किला गेटजवळच्या विजयाशी त्याचं लग्न ठरलं होतं. रजा मिळेना, आणि पुढे सिंहस्थ लागणार. सिंहस्थात लग्नं होत नाहीत. तेव्हा त्याची आई सुलोचनाबाई म्हणाली, "खांडा पाठवू." म्हणजे नवऱ्याच्या जागी त्याच्या घरची तलवार उभी करायची आणि मुलीने तिला माळ घालायची. जुनी रीत आहे ती.

विजयाचे वडील नव्हते, काका महिपतराव सगळं बघत. ते मला पाहायला आले. त्यांनी पातं उन्हात धरलं आणि त्यावरच्या परक्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"विहीणबाई, हा तर फिरंगी माल! छावणीच्या लिलावातला असणार. आमची पोरगी काय लिलावाशी लग्न लावणार?"

"घरचीच आहे ती. माझ्या सासूबाई सांगत."

"सासूबाई सांगत! सीधी गोष्ट आहे, घराण्याची खूण दाखवा. नाहीतर मुरारचं दुसरं स्थळ आहे माझ्याजवळ. कंत्राटदार आहे. बिजवर आहे, पण हजर तरी आहे."

सुलोचनाबाईचा चेहरा उतरला. घरी वाट पाहणारं कुणी असलं की मुलगा जिवाला जपेल, ही तिची आशा. तिने मला मांडीवर घेतलं. पात्यावर खूण नव्हती. राहिली मूठ. पण शेंदूर काढायचा, आणि खाली काहीच निघालं नाही तर? देवीही रुसायची आणि सूनही जायची.

"बसा, महिपतराव," ती अखेर म्हणाली. "चहा घ्या. माझं होईपर्यंत उठायचं नाही."

तिने तिळाचं तेल कोमट केलं, डोळे मिटून देवीची क्षमा मागितली आणि मऊ फडक्याने चोळू लागली. शेंदराच्या खपल्या ताटात पडू लागल्या. मित्रांनो, किती वर्षांनी मला वारा लागला! आणि मग सोनं चमकलं.

महिपतरावांनी चष्मा चढवला. "हे काय? लाडू?"

"लाडू नव्हे, कळंब. गोल गोलच असतो तो. आमचं देवक तुम्हीच विचारलं होतं ना?"

"हो, पण... कालच कुणाकडून करवून घेतलं नसेल कशावरून?"

सुलोचनाबाईने ताट त्यांच्यापुढे सरकवलं. एक जाड खपली उचलून आडवी धरली. लाल, काळपट, पुन्हा लाल, असे थर चिकटून बसले होते.

"हे इतके दसरे एका रात्रीत कुठे करवून मिळतात, तेवढं सांगा!"

महिपतरावांनी ती खपली उजेडात धरून निरखली. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि मुठीला कपाळ टेकवलं. "पातं परदेशी, घराणं कळंबाचं. चूक माझी. वरात थाटात येऊ द्या."

आणि थाटातच निघाली! संभाजीरावाचा फेटा मला बांधला, घोड्यावर बसवलं, पुढे सनई. अंतरपाट दूर झाला आणि विजयाने मला माळ घातली.

"नवरा बोलत नाही गं तुझा!" एक आत्या म्हणाली.

"मग माझंच ऐकेल," विजया म्हणाली, आणि सगळा मांडव हसला.

संभाजीराव सुखरूप परतला, तेव्हा विजयानेच त्याला माझ्यापुढे उभं केलं. "या, माझ्या पहिल्या नवऱ्याला नमस्कार करा!" त्याने केला.

आता दसऱ्याला विजया आधी मला स्वच्छ पुसते आणि मग कुंकवाचं एकच बोट लावते. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिला जरूर हात जोडा, पण त्याच हातांनी तिला पुसतही जा. आम्हालाही आपला चेहरा दाखवावासा वाटतो.