उलट्या खांद्यावरचं जानवं

माझ्या तापटपणाचा आमच्या पंचवटीत आधीच बोलबाला होता. त्यामुळे मी चित्रं बघायला गेले आणि चित्रं काढणाऱ्या बाईंशीच भांडून आले, हे ऐकून कुणाला नवल वाटलं नाही. आमची गोदाआत्या तेवढी कपाळाला हात लावून म्हणाली, "सरोजिनी, तुला जो पत्करील त्याची शंभर भरली म्हणायची."

साल छत्तीस. शाळेच्या हॉलमध्ये इंदूरच्या इंदिराबाईंच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. मी मोठ्या हौसेनं गेले, तर भिंतीवर एकच चित्र दोनदा! तेच जातं, तीच दळणारी बाई, पदराची तीच चुणी. मला वाटलं, नाशिककरांना काय खुळे समजतात का हे लोक? मी सरळ विचारलं, "अहो, यातलं खरं कुठलं आणि नक्कल कुठली?"

बाई चाळिशीच्या असतील. नऊवारी चापून नेसलेल्या, आणि नखांत काळी शाई. मला वाटलं रागावतील, तर त्या चक्क हसल्या. "दोन्ही खरी. थांब, तिसरं आत्ता काढून देते."

टेबलाखालून त्यांनी लाकडाचा ठोकळा काढला. त्यात ती दळणारी बाई कोरलेली. ठोकळ्यावर शाईचा रूळ फिरवला, वर पातळ कागद ठेवला आणि आपल्या स्वयंपाकघरात असतो तसल्या लाकडी डावाच्या पाठीनं तो घासायला लागल्या. मग कागदाचं एक टोक धरून हळूच सोलल्यासारखा उचलला. चर्र आवाज झाला आणि कागदावर ती बाई दळायला बसलेली! माझं भांडण तिथंच संपलं. मी म्हटलं, "मला शिकवा."

"वर्ग लावणारच आहे मुलींचा," बाई म्हणाल्या. "पण बोटं कापतात हो. सांगून ठेवते."

वर्ग सुरू झाला. रोज दुपारी आम्ही पाचसहाजणी शाळेत जमायचो, लाकूड कोरायचो. शेवटी प्रत्येकीचं एकेक चित्र त्याच हॉलमध्ये लागणार होतं. आणि बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिनाच. इंदूरला त्यांच्या घरी त्यांनी छापायचं यंत्र मांडलं होतं. दोन मुली तिथं राहून शिकत होत्या. आमच्यातल्या एकीला त्या चार महिने तिथं नेणार होत्या. राहायचं, जेवायचं आणि दिवसभर फक्त कोरायचं न छापायचं. बास! मला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की रात्री अंथरुणावर पडलं तरी हात शिवशिवायचे.

बाई मला न्यायला तयार होत्या, पण घरून परवानगी? माझे वडील ढुंढिराजशास्त्री, आमचे अण्णा, म्हणजे रामकुंडावरचे उपाध्ये. दूरदूरच्या यात्रेकरूंची स्नानं, संकल्प, श्राद्धं त्यांच्या हातून व्हायची. आई मी लहान असतानाच गेलेली. घर आत्या बघायची आणि सध्या तिचा एकच उद्योग होता, माझ्यासाठी स्थळं बघणं. इंदूरचं नाव काढल्याबरोबर तिनं जे तोंड सोडलं, ते जेवणं उरकेपर्यंत बंद केलं नाही. अण्णा एरवी फार बोलायचे नाहीत. त्या दिवशी हात धुता धुता म्हणाले, "आधी तू काय कोरतेस ते बघू. प्रदर्शनाच्या दिवशी येतो मी. मग बोलू इंदूरचं."

म्हणजे सगळं त्या एका चित्रावर आलं. मी ठरवलं, अण्णांनाच कोरायचं.

सकाळी रामकुंडाच्या पायरीवर बसून मी त्यांना कागदावर उतरवलं. गुडघाभर पाण्यात समोर उभे, उघडं अंग, डाव्या खांद्यावरून जानवं, ओंजळीत अर्घ्य, डोळे मिटलेले. डाव्या गालावरची चामखीळसुद्धा सोडली नाही.

लाकडासाठी जुन्या नाशकात सलाउद्दीनचाचांकडे गेले. लुगडी छापायचे लाकडी छापे ते करायचे. अण्णांना ओळखायचे. माझ्या हातात कोरायची पटाशी बघून त्यांनी डोळेच विस्फारले. "शास्त्रीबुवांची लेक आणि पटाशी! आता रामकुंडावर लाकडाचे पिंड वाढणार काय?" पण सागाचा छान तासलेला ठोकळा त्यांनी दिला, आणि पटाशी कशी धरायची, धार कशी लावायची तेही दाखवलं. पहिला ठोकळा मी पार वाया घालवला. आत्याच्या नजरेला पडू नये म्हणून बंबात घातला आणि त्या पाण्यानं आत्याच अंघोळ करून आली.

इंदिराबाईंनी आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, "अक्षरं उलटी कोरा गं. छापलं की सुलटी होतात." मला चित्राखाली अण्णांचं नाव घालायचं होतं. आता ढुंढिराज हे नाव ठेवताना आजोबांनी छाप्याचा विचार केला नव्हता. तो मेला ढ एकदा उलटा कोरताना जीव जातो, इथं दोनदा! त्या दोन ढंवर मी सगळा जीव काढला. दहा वेळा कागदावर उलटे गिरवले, मग कोरले. सुरेख जमले. बाकी चित्र कागदावरून जसंच्या तसं लाकडावर उतरवलं होतं, ते कोरून घेतलं. जानव्याची रेघ तर अशी बारीक आली, की सलाउद्दीनचाचांनी ठोकळा उजेडात धरून "वा, बेटी!" म्हटलं. त्यांच्या लक्षात काही आलं नाही, आणि येणार तरी कसं? त्यांच्या कैऱ्या न बुट्ट्या. कैरी इकडे वळली काय न तिकडे वळली काय, लुगड्याला काय फरक पडतो? आणि मी तर माझ्या ढंवरच खूश होते.

कोरायला इतका वेळ लागला, की छापायला प्रदर्शनाचीच दुपार उजाडली. घाईघाईनं शाई लावली, घासलं, उचललं. काळा कसा दाट उमटला होता! बाईंनी पाठीवर थाप मारली आणि "लाव, लाव, लोक आले" म्हणत ओलं चित्र तसंच भिंतीवर लावून टाकलं.

सगळ्यांत आधी पोचली गोदाआत्या. दोन बायकांना मिरवत घेऊन आली होती. चित्रासमोर उभी राहिली, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"कार्टे," ती म्हणाली, "जानवं बघ."

मी बघितलं. जानवं उजव्या खांद्यावर! जानवं डाव्या खांद्यावर असायचं, म्हणजे सव्य. उजव्या खांद्यावर जातं ते पितरांच्या कार्यात, म्हणजे अपसव्य. रामकुंडावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मी नाव उलटं कोरलं होतं म्हणून ते सुलटं आलं. अण्णांना सुलटं कोरलं होतं, ते उलटे आले. अक्षरांच्या नादात मी माणूस विसरले होते.

आत्या रडायलाच लागली. "सूर्याला अर्घ्य देणारा माणूस, न जानवं श्राद्धाचं! कुणाला पाणी सोडतोय गं माझा भाऊ?"

एवढ्यात अण्णांच्या बरोबरीचे दोन उपाध्ये आले. एकानं बघितलं, दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. "काय हो, शास्त्रीबुवांनी आज कुणाचं तर्पण काढलं?" दुसरा नाकाशी उपरणं धरून हसला. "तर्पणाचं सोडा. चेहरा तरी त्यांचा वाटतोय का? कुणी परकाच दिसतोय."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा. कोरून दाखवा आधी एक रेघ!" पण बोलून झालं न मी पुन्हा चित्राकडे बघितलं, तर ते म्हणत होते ते खरंच होतं. चेहराही कुठंतरी फसला होता. चामखीळ भलत्याच गालावर गेली होती. अण्णांना मी रोज बघत होते, आणि हे अण्णा नव्हते. इंदिराबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी बघायला हवं होतं गं." मी चित्र भिंतीवरून काढायला हात वर केला.

"राहू दे," मागून अण्णांचा आवाज आला.

ते घाटावरून थेट आले होते. सगळे बाजूला झाले. अण्णांनी कनवटीचा चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि चित्रासमोर उभे राहिले. किती वेळ उभे राहिले देव जाणे. मी मनातल्या मनात इंदूरचं नाव पुसून टाकलं. आत्याला घाई झाली. ती म्हणाली, "बघितलंस ना दादा? काय दिवे लावलेत पोरीनं ते? तुझ्यासारखा तरी दिसतो का हा?"

"माझ्यासारखा?" अण्णा म्हणाले. "अगं, मीच आहे हा."

"तुम्हाला परका वाटतो, कारण तुम्ही याला कधी बघितलेलं नाही," अण्णा म्हणाले. "मी रोज बघतो. सकाळी गंध लावायला आरसा धरला, की हाच समोर येतो. चामखीळ याच गालाला. जानवं याच खांद्यावर." त्यांनी बोट जवळ नेलं, पण शाई ओली होती म्हणून टेकवलं नाही. "माझा मलाच ठाऊक असलेला माणूस हिनं कागदावर आणून ठेवलाय."

मघाच्या उपाध्यांपैकी एकजण पुटपुटला, "तरी पण शास्त्रीबुवा, अपसव्य ते अपसव्यच."

"अहो, चुकलंच आहे ते," अण्णा म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतोय? पुढच्या खेपेला सव्य कोरायला हवं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि पुढची खेप इंदूरलाच व्हायची ना? की इथं कुठं यंत्र आहे?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, लहान मुलीसारखं भोकाड पसरलं. आत्या मला गप्प करता करता पुन्हा स्वतःच रडली.

निघायच्या दिवशी अण्णा टांग्यातून नाशिकरोड स्टेशनवर आले. इंदिराबाई आमच्या आधीच पोचल्या होत्या. आत्या घरूनच नाक मुरडत होती, पण बेसनाच्या लाडवांचा डबा तिनंच भरला होता. गाडी यायची वेळ झाली तेव्हा माझं अण्णांच्या कपाळाकडे लक्ष गेलं. आडवं गंध एका बाजूनं पार वर चढलं होतं. उभ्या जन्मात अण्णांचं गंध मी वाकडं बघितलं नव्हतं.

"अण्णा, गंध वाकडं लागलंय."

"असू दे. घाई झाली," ते म्हणाले आणि गाडीच्या दिशेला बघत राहिले.

मनमाडच्या आसपास इंदिराबाईंना भूक लागली. लाडवांचा डबा काढायला मी पिशवीत हात घातला, तर डब्याखाली उपरण्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी कडक हाताला लागलं. सोडून बघते तो अण्णांचा आरसा. तोच, कडेला कल्हई उडालेला, रोजच्या गंधाचा.

इंदिराबाईंनी तो हातात घेतला. "बरा सुचला तुझ्या वडलांना! कोरलेलं लाकूड आरशात बघितलं, की छापा कसा येणार ते आधीच कळतं." मग माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "अगं, रडतेस कशाला?"

"आता ते गंध कसं लावणार?" एवढंच मी म्हटलं.

इंदूरला गेल्या गेल्या मी पहिला ठोकळा अण्णांचाच घेतला. पावलोपावली आरशात बघून कोरला. छापा उचलला तेव्हा जानवं डाव्या खांद्यावर, चामखीळ डाव्या गालावर, दोन्ही ढ जागच्या जागी. इंदिराबाईंनी सगळं तपासलं आणि कपाळावर बोट ठेवलं. "एवढं सगळं सरळ केलंस न गंध तेवढं वाकडं राहिलं?"

"राहिलं नाही," मी म्हटलं. "ते तसंच कोरलंय."