साहेबांच्या कानावर

"वहिनी, हे भाऊंच्या साहेबांच्या कानावर घालायला मला तरी बरं वाटेल का?" कर्जवाला हसत म्हणाला आणि चॉकलेटांची वाटी त्याने माझ्यापुढे सरकवली.

छावणीच्या फाटकासमोरच त्याचं दुकान. गार हवा, मऊ खुर्च्या आणि चुटकीसरशी पैसे. आमची इथे बदली झाली तेव्हा यांचा बदलीभत्ता कुठल्याशा टेबलावर निवांत पडून होता, आणि घरमालकाला मात्र अनामत लगेच हवी होती. हे तर येऊन सामान टाकताच सरहद्दीकडे रवाना झालेले. म्हणून मी पंधरा दिवसांच्या बोलीने पैसे उचलले. भत्ता काही आला नाही. दर पंधरवड्याला व्याज भरून मुदत वाढवायची, आणि मुद्दल आपलं रुसलेल्या जावयासारखं ठाण मांडून बसलेलं. आता व्याजालाही पैसे नव्हते. त्यात यांच्या बढतीची यादी लागायची होती. घरात कर्ज आहे असं कळलं की यादीतून नाव जातं, असं त्यानेच मला मागच्या खेपेला सांगितलं होतं.

शेवटी फाटकाजवळच्या टेलरकाकूंकडे शिवणकाम मिळेल का विचारायला गेले आणि तिथेच रडू फुटलं. काकूंचे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले. सगळ्या छावणीचे गणवेश काकूंच्या हाताखालून जातात, त्यामुळे कुठल्या अधिकाऱ्याचं पोट किती सुटलंय हे सरकारच्या आधी त्यांना कळतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि "चल" म्हणाल्या. गळ्यातली टेपसुद्धा काढली नाही.

"घाला की कानावर," काकू आता माझ्या शेजारच्या खुर्चीतून कर्जवाल्याला म्हणाल्या. "थांबा, मीच लावते फोन."

"अहो, आत्ता कशाला..."

"साहेब, टेलरबाई बोलतेय. पँट झाली. हो, पुन्हा सैल केली, कुणाला सांगत नाही. बरं, तुमच्या एका जवानाची बायको माझ्याशेजारी बसलीय. फाटकासमोरच्या कर्जवाल्याकडे अडकलीय. तो तुम्हाला फोन करायचं म्हणतोय. घ्या, बोला."

कर्जवाला चक्क उभा राहिला. "हो सर... धमकी कसली सर, घरचीच माणसं... व्याज? जरा जास्त आहे सर."

मग फोन माझ्याकडे आला. मी अनामतीपासून अडकलेल्या भत्त्यापर्यंत सगळं सांगितलं. "ताई, यासाठीच आपला कल्याण निधी आहे, बिनव्याजी," साहेब म्हणाले. "उद्या ऑफिसात या. भत्त्याचं मी बघतो."

"आणि यांची बढती?"

"ती त्याच्या कामावर ठरते. तुमच्या घराच्या अनामतीवर नाही."

बाहेर आल्यावर मला हसू आवरेना. वाटीतली मूठभर चॉकलेटं काकूंनी पर्समध्ये टाकली होती. "व्याजात वळती केली," म्हणाल्या.

"काकू, साहेबांना सरळ सांगता येतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर तुझ्या वयाची असताना मीही असंच घेतलं, आणि साहेबांना कळेल या धास्तीने वर्षानुवर्षं फेडत बसले. आमच्या यांनाही कळू दिलं नाही. ते कर्ज फेडायला मशीन घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, बाईला शिवणाची भारी हौस. हे तर अजून कौतुकाने सांगतात."

त्यांनी आपल्या शिवणाच्या दुकानाचं शटर वर ढकललं.

"खरं सांगू? मला शिवणाचा पहिल्यापासून कंटाळा आहे गं."

आणि दिवा लावून त्या मशीनवर बसल्या.