गाडी आधीपासूनच तशी होती

मंचरच्या कांतीलालशेटच्या जीपमध्ये दोन दांडे होते. मोठा दांडा रोजच्या गिअरचा. त्याच्या शेजारचा आखूड दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावतात आणि मग गाडी चिखल, दगड, चढ काही बघत नाही, असं लष्कराच्या लिलावातून ती गाडी आणणाऱ्या दलालानं सांगितलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर कांतीशेट भाळले. त्यानंतर बारा-चौदा वर्षं ती जीप घरापासून मार्केट यार्डापर्यंत गेली आणि यार्डापासून घरी आली. सगळा रस्ता डांबरी. आखूड दांड्यावर प्यारीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, शिवलेलं लाल मखमलीचं टोपडं होतं. ते देवाच्या मूर्तीवरच्या वस्त्रासारखं दिवाळीला बदललं जाई.

कांतीशेट बटाट्याचे आडते. यार्डात लिलाव पुकारताना त्यांचा आवाज हायवेच्या पलीकडे जायचा. पण मनात मात्र एकच बारीक खाज होती: कधीतरी एकदा हा दांडा ओढायचा आणि गाडी ओढ्यात घालायची. कधी पाऊस आडवा आला, कधी पर्युषण, कधी बटाट्याचा भाव, कधी स्वतःची कंबर. शेवटी ज्याच्या नशिबात ते सुख होतं त्यानं ते घेतलं. जावयानं.

अंकित पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दिवसभर खुर्चीत बसणारा आणि रात्री टीव्हीवर परदेशातल्या गाड्या चिखलात लोळताना बघणारा. घरात त्याला 'कंवरसा' म्हणत, म्हणजे जावईबापू. त्या रविवारी बायकोला, टीनाला, घेऊन तो सासुरवाडीला आला आणि जेवण झाल्यावर म्हणाला, खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना बघून येतो, जीप नेऊ का? कांतीशेटच्या घरात दोन गोष्टी कधीच होत नसत. सूर्य बुडाल्यावर कोणी जेवत नसे आणि जावयाला कोणी नाही म्हणत नसे. किल्ली देताना शेट एवढंच म्हणाले, "रस्ता चांगला आहे हं, थेट डांबरी." सूचनेचा याहून कडक प्रकार त्या घराला ठाऊक नव्हता.

दुपारभर शेट ओट्यावर आत-बाहेर करत राहिले. गादीवर टेकले की उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक असायला हवा तिथे. हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येक डिझेल इंजिनाच्या आवाजाला ते मान वळवत, आणि मंचरच्या हायवेवर डिझेल इंजिनांना तोटा नाही.

जीप आली ती उन्हं कलताना, ट्रॅक्टरच्या मागे दोरखंडाला बांधून. टीना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेली होती आणि तिच्या चेहऱ्यावर, मी काहीही बोलणार नाही, असं लिहिलेलं होतं. सायलेन्सर जागेवर नव्हता. गाडी डाव्या अंगाला अशी झुकली होती, की जणू शेजारच्या घरातलं बोलणं ऐकतेय. खालून काळं ऑइल ठिबकत होतं. सगळ्यात वाईट म्हणजे दांड्यावरचं मखमली टोपडं गायब होतं.

अंकित खाली उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं तोंड उघडलं. कांतीशेटनीही उघडलं. दोघांपैकी कोण आधी बोललं असतं कोण जाणे, पण प्यारीबाईंचं लक्ष सूर्याकडे होतं. तो कोणत्याही क्षणी टेकणार होता, आत ताटं वाढलेली होती, आणि एकदा का भांडणाला किंवा माफीला तोंड फुटलं असतं तर जावई उपाशी झोपला असता. म्हणून त्यांनी सगळ्यात जवळचं वाक्य उचललं आणि मध्ये ठेवलं.

"गाडी आधीपासूनच तशी होती. चला, हातपाय धुवा पटकन."

कांतीशेटनी गाडीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले, "जुनीच आहे ती." आणि पानावर बसले. त्या दिवशी त्यांना भाजीची चव लागली नाही. ती कोणती होती हेही कळलं नाही.

जीप कळंबला कुशाबाच्या गॅरेजात गेली. कुशाबा गाडीखाली गेला, बराच वेळ आत राहिला आणि बाहेर येऊन त्यानं आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे बघावं तसं शेटकडे बघितलं. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर दगडावर आपटून फुटलं होतं, डावीकडच्या स्प्रिंगचा मेन पाटा तुटला होता, आणि क्लच प्लेटचा जळून पापड झाला होता. कोणत्या ओढ्यात घातली होती, असं त्यानं विचारलं. शेटनी त्याला बाजूला घेतलं. पुण्याहून कंवरसांचा फोन आला आणि त्यांनी चौकशी केली, तर सगळं जुनंच होतं म्हणून सांगायचं, चिरा जुन्या, पाटा जुना.

कुशाबानं हात पुसता पुसता थांबून विचार केला. "शेट, आजवर गिऱ्हाईक यायचं ते जुनं नवं करून द्या म्हणून. नवं मोडलेलं जुनं दाखवायची आपली पयलीच येळ हाय."

पण तो कबूल झाला. यार्डातले हमाल कबूल झाले. समोरचा किराणावाला, ज्यानं ट्रॅक्टरमागून येणारी जीप डोळ्यांनी पाहिली होती, तोही कबूल झाला. जावयाचा मान म्हणजे गावाचा मान. जावई हा दहावा ग्रह असं म्हणतात. खोडदच्या त्या एवढाल्या ताटल्या आभाळात काय शोधतात ते शास्त्रज्ञ जाणोत, पण हा ग्रह मंचरात विनादुर्बिणीचा दिसतो आणि त्याची शांत घरोघर चालते.

अंकितचे फोन येत राहिले. आधी त्याचा सूर पडलेला असायचा. पप्पा, माझ्यामुळे... असं तो सुरू करायचा आणि शेट घाईनं त्याला थांबवायचे. छे छे, पाटा तर गेल्या दिवाळीतच कुरकुरत होता. पुढच्या फोनला चेंबर आधीच चिरलेलं निघालं. त्याच्या पुढच्या फोनला क्लच प्लेट तर कधी धड नव्हतीच. माणसाला निर्दोष ठरवायला लागलं की सुरुवातीला तो नको नको म्हणतो, पण फार वेळ हट्ट धरत नाही. महिन्याभरात अंकितचा सूर बदलला. आता त्यात काळजी आली. पप्पा, अशी गाडी तुम्ही इतकी वर्षं चालवत होतात? टीना आणि मी त्यात बसून गेलो, काही झालं असतं म्हणजे?

आणि मग एका संध्याकाळी फोनवर तो आनंदानं म्हणाला, की त्यानं मार्ग काढलाय. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राला असली जुनी जीप हवीच होती. त्यांचा ग्रुप दर रविवारी गाड्या घेऊन चिखलात जातो. येत्या रविवारी तो गाडी बघायला येतोय. तुमच्या डोक्याची एक कटकट जाईल, पप्पा.

कांतीशेट रिसीव्हर हातात धरून उभे राहिले. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येऊन गेला तरी उभेच.

तेव्हापासून त्यांना धड झोप लागेना की धड बसवेना. गाडी विकायची नाही म्हणावं, तर का नाही, हे सांगावं लागणार. गाडी चांगली आहे म्हणावं, तर मोडली कोणी, हे आलंच. ते स्कूटरवर कळंबला गेले आणि आडून आडून कुशाबाला म्हणाले, इंजिन तसं दणकट आहे ना रे, कंवरसांच्या कानावर घालशील का. कुशाबा म्हणाला, "तुमीच तर सांगितलंय राव, समदं जुनं म्हनून. परवाच फोन आल्ता त्यांचा. मी म्हनलं, शेट देवमाणूस, म्हनून गाडी चालली." मग त्यांनी यार्डातल्या सावळेरामला गाठलं. तो त्यांचा सगळ्यात जुना हमाल. त्यालाही त्यांनी गाडीविषयी विचारलं. सावळेरामनं मान हलवली आणि नारायणगावच्या उतारावर गाडीचे ब्रेक फेल झाल्याची हकिगत सांगितली. असं कधीही घडलं नव्हतं. पण सांगताना त्याच्या अंगावर काटा आला, आणि तो काटा खरा होता.

कांतीशेटच्या ध्यानात आलं, की आपली जीप धडधाकट होती याला उभ्या मंचरात आता एकही साक्षीदार उरलेला नाही. ते स्वतः धरून.

रविवारी जीप घरासमोर उभी होती. कुशाबानं कारागिरी चोख केली होती. नवा पाटा, नवी प्लेट, चेंबर बदललेलं, आणि सायलेन्सर कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा, तात्पुरता. पुण्याचा मित्र गुडघ्यावर खिसे असलेली पँट घालून आला होता. तो गाडीखाली शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. अंकित शेजारी उभा राहून गाडीतले दोष एकेक करून प्रामाणिकपणे सांगत होता. सगळे शेटकडूनच पाठ केलेले. मित्र म्हणाला की हे सगळं गृहीत धरूनही त्याला गाडी आवडली, आज घेऊनच जाईन. प्यारीबाई पोहे करायला आत वळल्या. कांतीशेट ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, वळले, पुन्हा चालले.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक उंच माणूस आला. डोक्याला लाल पागोटं, एका खांद्यावर घोंगडी आणि दुसऱ्या खांद्यावर सायलेन्सर. खोडदच्या शिवारात मेंढरं बसवणारा बिरदेव. बाजाराला आला होता आणि जीपवाल्याचं घर विचारत विचारत इथवर पोचला होता. त्यानं सायलेन्सर ओट्यावर उतरवला, अंकितकडे पाहिलं आणि ओळख पटून हसला.

"पावणं, तुमचा भोंगा वड्यात राहिला व्हता. म्हनलं, माघारी द्यावा."

अंकितचा चेहरा उतरला. कांतीशेटच्या तोंडून सवयीनं शब्द निघाले, "आधी चहा घ्या." चहा हे त्या घरातलं दुसरं मखमली टोपडं. ज्यावर घालावं ते झाकलं जातं.

"च्या घिऊ की मागनं. त्या दिशी लई गम्मत झाली, ती तरी ऐका."

इथे शेटनी पुन्हा आग्रह करायला हवा होता. हात धरून आत न्यायला हवं होतं, घरची रीत तीच होती. आतून प्यारीबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला. कांतीशेटनी जीपकडे पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसले.

"बरं," ते म्हणाले. "सांगा."

बिरदेवानं सांगितलं. पूल पलीकडं दिसत असताना पाहुण्यांनी गाडी ओढ्याच्या तोंडाला कशी आणली. आपण स्वतः काठी आडवी धरून, ह्या वाटंनं आमची मेंढरं बी जात न्हाईत, असं कसं सांगितलं. त्यावर पाहुणा काय म्हणाला, ते त्यानं अंकितच्या शहरी आवाजात म्हणून दाखवलं: "ही माझ्या सासऱ्यांची गाडी आहे, ही कुठंही चढते." आणि गाडी खरंच निम्म्याच्या वर गेली. मग मधल्या धोंड्यावर बसली आणि असा आवाज झाला, की पाण्याला आलेली मेंढरं पार अँटेनापर्यंत पळाली.

शेटच्या कानात त्यातलं एकच वाक्य फिरत राहिलं. माझ्या सासऱ्यांची गाडी आहे.

अंकित जमिनीकडे बघत म्हणाला, "ट्रॅक्टरवरून येताना सबंध रस्ता मी 'सॉरी' कसं म्हणायचं ते ठरवत होतो, पप्पा. मम्मी आधी बोलल्या. नंतर तुम्ही रोज... मग मला खरंच वाटायला लागलं."

"मलासुद्धा," कांतीशेट म्हणाले.

मित्रानं घसा साफ केला आणि विचारलं, की मग गाडी एकंदरीत चांगली म्हणायची की वाईट, आणि ती विकायची आहे ना? कांतीशेट उठले. या घरात आलेल्या पाहुण्याला, तेही जावयाच्या मित्राला, जे कोणी कधी म्हटलं नव्हतं ते त्यांनी म्हटलं. "नाही." शब्द नवा होता, म्हणून जरा मोठ्यानं आला, लिलावाच्या आवाजात. मित्र पोहे खाऊन एसटीनं पुण्याला गेला.

बिरदेवाला खोडदला सोडायला जीप निघाली. शेट स्टिअरिंगवर, अंकित शेजारी, बिरदेव मागे. प्यारीबाईंनी सूर्याकडे बोट दाखवून वेळेची आठवण करून दिली. खोडदला पोचायला डांबरी रस्ता होता, पूलही होता. पुलाच्या अलीकडे शेटनी गाडी हळू केली, ओढ्याकडे पाहिलं आणि डावीकडे वळवली.

"शेट," मागून बिरदेव म्हणाला, "ह्या वाटंनं मेंढरं बी..."

"ऐकलंय मी."

आखूड दांडा उघडाच होता. कांतीशेटनी त्याच्यावर हात ठेवला. जरासा घट्ट निघाला. मग गाडीच्या पोटात कुठेतरी काहीतरी खट्कन बसलं आणि पुढची चाकं पाण्यात शिरली.

घरी पोचले तेव्हा सूर्य बुडून बराच वेळ झाला होता, म्हणजे जेवणाची बात संपली होती. ट्रॅक्टर तोच होता. त्याचा मालक आता हसतही नव्हता. जीप यावेळी उजव्या अंगाला झुकलेली होती. दोघे उतरले, कमरेपर्यंत भिजलेले. शेटची टोपी नव्हती. प्यारीबाई कंदील वर धरून दारात उभ्या होत्या. वीज नेहमीप्रमाणे गेली होती. त्यांनी गाडी पाहिली, नवऱ्याला पाहिलं आणि विचारलं, हे कोणी केलं?

कांतीशेटनी तोंड उघडलं. पण अंकित पुढे झाला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "मम्मी, गाडी आधीपासूनच तशी होती."