माहेर ताईच्या पोटात, सासर भावाच्या

मी किडनी बोलतेय. दचकू नका, तोंड नसलं तरी सांगण्यासारखं पुष्कळ आहे माझ्याकडे.

माझं माहेर ताईच्या पोटात. शेजारी जुळी बहीण, कसली म्हणून ददात नव्हती. ताईच्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा ताई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "माझी एक घ्या. नाहीतरी लहानपणापासून माझ्या ताटातलंच उचलतोय तो!" झालं, मी सासरी आले.

सासर कसलं कडक! रक्तातले पहारेकरी परकी म्हणून अंगावरच धावले. औषधांनी त्यांना दटावून ठेवलं. भाऊ माणूस लाख चांगला, एक गोळी चुकवायचा नाही. मी रमले.

पण पुढे पहारेकऱ्यांची कुजबुज पुन्हा सुरू झाली. मला कळत होतं, सांगू कुणाला? नेहमीच्या तपासणीत सगळं ठीक. ती तपासणी ओरडते तोवर माझा अर्धा जीव गेलेला असतो हो!

त्या दवाखान्यात एक आकडेवाल्या बाई आहेत. शेकडो पेशंटांचं गोठवून साठवलेलं रक्त, त्यातले हजारो बारीक पदार्थ, कुणाची किडनी टिकली, कुणाची गेली, हे सगळं त्या संगणकाला दाखवतात. आधीच इशारा देणारे मोजके पदार्थ त्याने शोधायचे. पहिल्याच फटक्यात त्याचं जवळजवळ एकही उत्तर चुकलं नाही. सगळे नाचायचेच बाकी होते. आमच्या भावालाही त्याने सुरक्षित ठरवलं.

बाई मात्र म्हणाल्या, "एवढं बरोबर? पाणी मुरतंय कुठेतरी." खोदून पाहिलं, तर काय! ज्यांची किडनी गेली त्यांचं रक्त डॉक्टरांनी कुतूहलापोटी पुन्हा पुन्हा वितळवून परत गोठवलं होतं, आणि त्यानेच त्यातले पदार्थ बदलले होते. संगणक आजार नव्हे, ते वितळणं ओळखायला शिकला होता. भावाचं रक्त असं पुन्हा पुन्हा वितळलंच नव्हतं, म्हणून तो सुरक्षित! बाईंनी आपलं वाहवा झालेलं काम आपल्याच हाताने मोडीत काढलं आणि एकदाच वितळलेल्या रक्तावर पहिल्यापासून सुरुवात केली. धन्य ती बाई!

हे सगळं मी ऐकलं ते त्यांच्याच तोंडून. भावाला आणि ताईला समोर बसवून त्या म्हणाल्या, "आमचं आधीचं उत्तर विसरा. आता धोका दिसतोय. हेही चुकू शकतं, पण सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासूया."

"अहो, पण मी ठणठणीत आहे!" भाऊ म्हणाला.

"गप रे. माझी वस्तू आहे, मला बघू दे," ताई म्हणाली.

सुई टोचली, तुकडा निघाला. पहारेकरी रंगेहाथ सापडले. औषध बदललं, ते हळूहळू निवळले. उशीर झाला असता तर मी संपले असते आणि भाऊ पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीत बसला असता.

तुम्हाला विनंती एवढीच, गोळ्या वेळेवर घ्या आणि स्वतःच्या यशावर शंका घेणाऱ्या माणसाला हसू नका.

आज तपासणी चांगली आली. बाकावर बसल्या बसल्या ताईने भावाच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "काय गं, बरी आहेस ना?"

मला उत्तर द्यायची एकच रीत येते. भाऊ चुळबुळत उठला.

"ताई, आलोच हं बाथरूमला जाऊन."