वळणावरची काळी माती

मी एक जुनी माती आहे. हसू नका मित्रांनो, माती जुनीच असते हे मलाही ठाऊक आहे. पण मी डोंगररस्त्यावरच्या सगळ्यात अवघड वळणाची माती. इथे कुणाचंच चित्त थाऱ्यावर नसतं, माझं तर नाहीच.

रस्त्यासाठी खडक फोडला, त्याचा चुरा आणि वरून आलेला पालापाचोळा मिळून मी झाले. तेव्हा मी तांबूस होते. मग गाड्या वाढल्या. उतारावरून येणारा प्रत्येक ट्रक माझ्यापाशी करकचून ब्रेक दाबतो. ब्रेकची झीज, टायरची भुकटी, धूर, गळकं तेल, सगळं माझ्याच अंगावर. त्यात शिसं असतं, जस्त असतं, कॅडमियम असतं. मी काळी आणि भुसभुशीत झाले. दिसायला अगदी सुपीक!

तिथेच घात झाला. वळणावर एका मावशींची चहाची टपरी आहे. माझ्यामुळे रस्त्याकडेचं गटार तुंबलं की पाणी टपरीत शिरतं, म्हणून त्या ते स्वतःच उपसतात. यंदा उपसताना त्यांनी मला मुठीत धरलं आणि सुनेला हाक मारली, "अगं, बघ तरी! लोण्यासारखी माती, आणि आपण दरीत लोटतोय!"

टोपल्या भरभरून त्यांनी मला मागच्या वाफ्यात नेलं. कौतुक कुणाला नको असतं? मीही हुरळले. पालक तरारून आला. सून पोटुशी होती. मावशी तिला रोज आग्रहाने वाढायच्या. "खा गं, दोन जिवांची आहेस. घरची भाजी आहे."

मला तोंड असतं तर ओरडले असते. ते नाही, म्हणून नुसती तळमळत राहिले.

मग रस्त्याकडेची माती तपासणारी बाई चहाला थांबली. "या वळणाच्या मातीत सगळ्यात जास्त शिसं निघालं," ती सहज म्हणाली.

मावशींच्या हातातली किटली तशीच राहिली. "आणि ती कुणी वाफ्यात घातली तर?"

"असं कोण करेल?"

सुनेने पोटावर हात ठेवला.

"मी चार पाण्यांनी धुते हो भाजी," मावशी म्हणाल्या.

"पानाच्या आत गेलेलं धुऊन जात नाही. भाजी आजच बंद करा. आणि हिचं रक्त तपासून घ्या."

मावशींनी पालक उपटला आणि मला दरीत ढकलायला फावडं उचललं. बाईने हात धरला. "खाली ओढा आहे, लोक त्याचं पाणी पितात. आहे तिथेच झाकून ठेवा."

सून तपासणीला गेली. अहवाल यायचा त्या दिवशी मावशी सकाळपासून कठड्याशी उभ्या होत्या. बस आली, ब्रेक दाबला, माझ्यावर आणखी थोडी धूळ बसली. सून उतरली.

"शिसं आहे रक्तात. बाळाला काही होईल का, ते आत्ता सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले."

"मीच भरवलं गं तुला," म्हणत मावशी खाली बसल्या. सून त्यांच्याशेजारी बसली.

मित्रांनो, नदी, झाडं, माती, सगळे म्हणतात आम्हाला जपा. मी वेगळं मागते. मला उचलू नका, माझ्यात काही पेरू नका. माझ्यावर गवत वाढू द्या, पण ते गुरांना घालू नका. आणि लहान मुलांना माझ्यात खेळू देऊ नका. माती असून मला हे सांगावं लागतंय.